डावा हात

सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेतून मेतकूट, हुलग्याचं पीठ, नातीसाठी शिवलेलं परकर-पोलकं असं सगळं निघालं. एक वस्तू निघाली नाही. ती तिसऱ्या दिवशी सकाळी वासावरून कळली. न्हाणीघराच्या बंद दाराखालून भाजक्या तंबाखूचा कडवट वास आला आणि कनेटिकटमधल्या आमच्या जिन्यात उभ्या उभ्या मला कराडजवळच्या घराची मागची पडवी आठवली. मशेरी. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि तर्जनीवर घेऊन दातांवरून, हिरड्यांवरून फिरवायची. गावाकडे कितीतरी बायकांचा दिवस तिच्याशिवाय सुरू होत नाही. १९९२ साली सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोचला नाही.

मी काही बोलले नाही. सुनेने सासूच्या डबीबद्दल विचारावं अशी आमच्या घरची रीत नव्हती. नवरा म्हणाला, “सकाळी एकदा लावते, एवढंच. लहानपणापासून बघतोय.”

ऑक्टोबरात झाडं पिवळी-लाल झाली त्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की आई भाकरीचा पापुद्रा तेवढा खातात आणि कडा ताटात तशाच राहतात. मग त्या भाकरी दुधात कुस्करू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, “वय झालं आता.” एकदा बेसिनमध्ये रक्ताची रेघ दिसली. “आई, दाखवून येऊ या,” म्हटलं तर पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही.

पैशांचाही प्रश्न होता. येणाऱ्या आईवडिलांसाठी आपण जो प्रवासविमा काढतो त्यात दातांचं नेहमीचं काम बसत नाही, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत असतं. म्हणून दात भारतात गेल्यावर ‘करून घ्यायचे’ असतात, चष्म्यासारखे, ब्लाऊजसारखे. पण आई खर्चाला घाबरत नव्हत्या. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. किटण हा दातांचा गिलावा. तो खरवडला की भिंत पडते. थोरल्या जावेने कराडात दात साफ करून घेतले आणि महिन्याभरात तिचे पुढचे दोन दात हलायला लागले, हा त्यांचा पुरावा.

ही गोष्ट मी वेगवेगळ्या गावांच्या लोकांकडून ऐकली आहे आणि तिला अडाणी समजूत म्हणायला माझं मन घेत नाही. जावेने जे पाहिलं ते खरंच होतं. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दातांच्या फटींत घट्ट बसतं. त्याच्या आडोशाने हिरडी सुजते, आतलं हाड हळूहळू झिजतं आणि सैल झालेले दात त्या किटणानेच एकमेकांना धरून ठेवलेले असतात. किटण निघालं, सूज उतरली, की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. साफ करणाऱ्या हाताचा त्यात दोष नसतो. पण हे कुणीतरी जावेला आधी सांगायला हवं होतं, आणि ते कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्याने एका घरातल्या चार बायका पुढची वीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत.

मला आईंची भीती कळत होती, कारण माझी स्वतःची होती. मी तेरा वर्षांची असताना तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात माझे दात साफ केले गेले. डोक्यावर पिवळा दिवा, लोखंडी आकडीचा दातावर घासत जाणारा आवाज, आणि मधूनमधून एकच वाक्य, “जरा सहन करायचं.” दाताच्या मुळापासून कानशिलापर्यंत शिवशिव जायची. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता, की घरी आल्यावर माझ्या आईने तळव्यावरचे वळ पाहिले. त्या डॉक्टरांच्या मनात काही वाईट नव्हतं. स्वच्छतेची किंमत दुखण्यात मोजायची असते हा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. माझ्या आजीचाही होता. ती वज्रीने आमच्या टाचा लाल होईपर्यंत घासायची आणि मगच तिला त्या स्वच्छ वाटायच्या. आपल्या भाषेत भांडी घासतात आणि दातही घासतात. क्रियापद एकच. त्यात जोर आहे, राख आहे, खसखस आवाज आहे.

पण त्याच आजीला मी सारवतानाही पाहिलं आहे. शेणाचा पातळ काला, उघडा तळवा, आणि एकात एक मिसळत जाणारे अर्धगोल. तिथे जोर चालत नाही. जोर केला की खालची माती उखडते. दोन्ही स्वच्छताच, पण हात निराळा. दात साफ करणं गेल्या काही दशकांत घासण्याकडून सारवण्याकडे सरकलं आहे असं मला वाटतं, आणि या सरकण्याचा मोठा भाग आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर सुरू झाला, हे मला इथे बारा वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

ब्रिजपोर्ट हे समुद्रकाठचं जुनं कारखान्यांचं शहर. सर्कसवाला बार्नम इथला महापौर होता, तेवढंच लोक सांगतात. याच गावात डॉ. आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. किडलेले दात उपटण्यात आणि भरण्यात आपला दिवस जातो आणि ते किडूच नयेत म्हणून कुणीच काही करत नाही, याची त्यांना खंत होती. फिलाडेल्फियाचे डॉ. डी. डी. स्मिथ आपल्या रुग्णांचे दात ठराविक मुदतीने स्वच्छ करत आणि त्यांच्या तोंडांत पडलेला फरक इतरांना दाखवत. फोन्स यांनी ते पाहिलं होतं. १९०६ साली त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या मदतनीस, नात्याने बहीण लागणाऱ्या आयरीन न्यूमन, यांना दात स्वच्छ करायला शिकवलं. १९१३ मध्ये घराशेजारच्या गाडीखान्यात वर्ग भरवला. पुढच्या वर्षी त्यातून २७ जणी बाहेर पडल्या. त्यांना ‘नर्स’ म्हणायला फोन्स तयार नव्हते, कारण नर्स म्हटलं की आजार आला. आरोग्य राखणारी, या अर्थाने त्यांनी ‘हायजिनिस्ट’ हा शब्द घेतला. त्या बायका ब्रिजपोर्टच्या शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या. त्यांत बरीच स्थलांतरित कामगारांची मुलं होती, आमच्यासारखीच दुसऱ्या देशातून आलेल्या घरांतली. फोन्स मुलांना ब्रश गोल गोल फिरवायला शिकवत. आजही लहान मुलांना शिकवायच्या त्या पद्धतीला त्यांचंच नाव आहे, आणि युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिजपोर्टमध्ये त्यांच्या नावाची शाळाही आहे.

फोन्स यांच्या गाडीखान्याने एक मोठी गोष्ट केली असं मी मानते. दात साफ करणं हे डॉक्टरांनी दोन उपचारांच्या मधे उरकायचं काम राहिलं नाही. ते कुणाचं तरी पूर्ण काम झालं. त्यामुळे त्याला वेळ मिळाला. हळुवारपणाला आधी वेळच लागतो.

शेवटी आई तयार झाल्या त्या नातीमुळे. तिची सहा महिन्यांची तपासणी होती आणि ती आजीला म्हणाली, “तू माझा हात धरायला ये.” आई गेल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि सगळं पाहत राहिल्या. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, “पोरगी रडली न्हाई.” दोन दिवसांनी म्हणाल्या, “त्याच बाईकडं जायचं असंल तर येते.”

फॉर्म भरताना एक प्रश्न होता, उद्या इथे यायचं आहे म्हटल्यावर तुम्हाला कसं वाटतं? मी वाचून दाखवला. “लिही, रातभर झोप न्हाई,” आई म्हणाल्या, आणि मी तसंच लिहिलं. असे प्रश्न विचारायची सुरुवात नॉर्मन कोरा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये केली. त्यांच्या मोजपट्टीत चारच प्रश्न आहेत, आणि त्यांतला एक खास दात साफ करण्याबद्दलचा आहे: तुम्ही खुर्चीत बसला आहात, हिरड्यांजवळ खरवडायची हत्यारं बाहेर काढली जात आहेत, तेव्हा काय वाटतं? हे वाचलं तेव्हा मला तो पिवळा दिवा आठवला. आपली भीती मोजण्याजोगी आहे असं कुणाला तरी वाटलं होतं, मी जन्मायच्याही आधी.

हायजिनिस्ट पन्नाशीची होती, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. पहिली दहा मिनिटं तिने आईंच्या तोंडात काहीही घातलं नाही. खुर्ची कशी मागे जाते ते दाखवलं, पाणी ओढून घेणारी नळी तळहातावर लावून दाखवली. मग मला म्हणाली, “यांना सांगा, काहीही नको वाटलं तर डावा हात वर करायचा. मी त्याच क्षणी थांबेन. कारण सांगायची गरज नाही.”

मी सांगितलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिने आरसा तोंडात घातला मात्र, आईंचा डावा हात वर. ती थांबली. आरसा बाहेर. आईंनी हात खाली घेतला. पुन्हा आरसा आत, पुन्हा हात वर. ती पुन्हा थांबली, चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्यांदाही तसंच. मला संकोच वाटू लागला होता, पण तिने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. चौथ्यांदा हात वर झाला नाही. त्यानंतर तासाभरात एकदाच झाला, तोही खोकला आला म्हणून.

तिने एक बारीक, खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेने टेकवत आकडे सांगायला सुरुवात केली. “काय मोजतीया?” आईंनी विचारलं. दात आणि हिरडी यांमधली फट. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार आला की लक्ष द्यायचं. त्यापुढे आत काहीतरी बिघडलेलं आहे. आईंचे आकडे खालच्या दाढांपाशी पाच आणि सहा होते. त्या प्रत्येक आकडा माझ्याकडून मराठीत वदवून घेत होत्या, बाजारात वजन करून घेतल्यासारखा. त्यानंतर दातांना रंग लावला. जिथे जंतूंचा थर होता तिथे गडद जांभळा चढला. आरसा हातात दिल्यावर आई म्हणाल्या, “जांभळं खाल्ल्यागत दिसतंय की.” मग हळूच, “इतकं ऱ्हातं व्हय आत?”

त्या जांभळ्या थरातच सगळी गोष्ट आहे. कित्येक वर्षं दंतवैद्यांची लढाई किटणाशी, म्हणजे त्या दगडाशी होती. मुळावरचा थर तासून तासून काचेसारखा गुळगुळीत करायचा, त्यात मुळाचं वरचं आवरण गेलं तरी चालेल, अशी रीत होती. १९६५ मध्ये हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सूज आणली ती मऊ थराने. साफसफाई पुन्हा सुरू होताच हिरड्या पूर्ववत झाल्या. हेच लो पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेचे संचालक झाले. १९८६ मध्ये ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. आजारी दातांच्या मुळांवरचं जंतूंचं विष आत मुरलेलं असतं असा समज होता. त्यांनी काढलेले दात घेतले, मिनिटभर नुसते पाण्याने धुतले, तर ३९ टक्के विष निघून गेलं. आणखी एक मिनिट ब्रश फिरवला, आणखी ६० टक्के गेलं. तासायची गरजच नव्हती. इतकी वर्षं जे माणसांनी खुर्चीचे हात धरून सोसलं, त्यातलं बरंच काही विनाकारण सोसलं. हे वाचून मला राग आला नाही. माझ्या तेराव्या वर्षातल्या त्या मुलीबद्दल फार वाईट वाटलं.

आईंच्या मोठ्या फटींमध्ये तिने सुई न टोचता एक पातळ औषध सोडलं, जे आत गेल्यावर घट्ट होतं आणि तेवढीच हिरडी बधिर करतं. अमेरिकेत याला २००३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. मग यंत्र. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि सोबत पाणी उडत राहतं. त्या थरथरीने किटणाचा दगड सुटतो, दाबावं लागत नाही. १९५० च्या दशकात हे तंत्र अमेरिकेत आलं ते दात कोरायला. त्या कामात वेगवान ड्रिलपुढे ते टिकलं नाही, पण साफसफाईला त्याने जन्माचा आधार दिला. मनगटाच्या पट्ट्याकडे बोट दाखवून ती बाई म्हणाली, की पहिली पंधरा वर्षं तिने बहुतेक काम हातानेच खरवडून केलं. रुग्णांना दुखायचं ते त्या दिवशी. तिला दुखायचं ते रोज. हळुवार यंत्र दोन्ही बाजूंनी हळुवार असतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

शेवटी कोमट पाणी, हवा आणि पावडर यांचा फवारा. सुरुवातीला या कामी खायचा सोडा वापरत. तो खारट आणि खरबरीत. आता ग्लायसीन किंवा एरिथ्रिटॉल वापरतात. एरिथ्रिटॉल ही एक गोडसर चव असलेली साखरेची बहीण आहे, जिच्यापासून जंतूंना आम्ल करता येत नाही. तिचे कण सुमारे चौदा मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढे. आधी रंग लावायचा, रंग दिसेल तिथेच फवारा न्यायचा, आणि दगड उरला असेल तेवढ्यापुरतंच यंत्र, असा क्रम स्विस लोकांनी घालून दिला आणि आता इथल्या बऱ्याच दवाखान्यांत तो रुळतो आहे. आईंच्या बाबतीत मात्र यंत्र आधी आलं. “गोड लागतंय,” आई म्हणाल्या. दातांच्या खुर्चीत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला कौतुकाचा शब्द.

एवढं मात्र सांगायला हवं, की फवाऱ्याने किटण फुटत नाही. जुना दगड असेल तर यंत्र किंवा हाताची आकडी लागतेच, आणि काही ठिकाणी थोडं दुखतंही. ‘अजिबात खरवडणार नाही, लेझरने सगळं होईल’ असं सांगून जास्तीचे पैसे घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्या बाईने दुखणार नाही असं एकदाही म्हटलं नाही. ती म्हणाली, दुखलं तर थांबेन.

काम संपत आलं तेव्हा तिने आईंचा खालचा ओठ बोटाने अलगद दुमडला. आतल्या बाजूला एक पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता. दातांवरचे काळे डाग तिने आधीच पाहिले होते, पण त्यावर बोलली नव्हती. आता तिने मला विचारलं, “इथे काही ठेवतात का त्या? मला फक्त माहीत असायला हवं.” ‘फक्त माहीत’ हे मी नीट भाषांतर करून सांगितलं.

आई छताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मशेरी.”

“दिवसातून किती वेळा?”

“तीनदा.” थोडा वेळ गेला. “न्हाई. पाचदा. रातीची धरून सहा.”

मी सून म्हणून त्या घरात सोळा वर्षं आहे. नवरा जन्मापासून आहे. सहा हा आकडा आम्हाला दोघांनाही माहीत नव्हता. तो एका परक्या बाईला मिळाला, आणि तोही परक्या भाषेतून. तिने मान हलवली, ‘थँक यू’ म्हणाली आणि लिहून घेतला. डॉक्टर येऊन पाहून गेले. मशेरी थांबवली तर असे चट्टे बहुधा काही आठवड्यांत फिके पडतात. नाही पडला तर तुकडा काढून तपासावा लागेल, एवढं त्यांनी समजावलं. उरलेल्या बाजूसाठी तीन आठवड्यांनी बोलावलं.

त्या तीन आठवड्यांत आम्ही घरी डबीबद्दल बोललो नाही. वास मात्र कमी झाला. आई मऊ ब्रशने, फोन्सनी मुलांना शिकवलं तसं नातीबरोबर आरशासमोर गोल गोल ब्रश करू लागल्या. भाकरीच्या कडा ताटात राहणं थांबलं.

दुसऱ्या खेपेला त्या माझ्या आधी खुर्चीत जाऊन बसल्या. ओठ स्वतःच्या हाताने दुमडून दाखवला. चट्टा पुष्कळ फिका झाला होता. पूर्ण गेला नव्हता. पुन्हा पाहायचं ठरलं. हायजिनिस्टने हातमोजे चढवले, खुर्ची मागे घेतली, आणि ती आरसा उचलणार तेवढ्यात आईंचा डावा हात वर झाला.

ती थांबली.

“सांग तिला,” आई मला म्हणाल्या, “आता दिवसातनं एकदाच लावते.” हात अजून वरच होता. “थांब. खोटं नको. काल दोनदा झाली.”

मी तसंच सांगितलं.